पाचव्या घराचा ओ

लवू घाडीचा आवाज त्याच्या अंगाला न शोभणारा होता. माणूस काटकुळा, खांद्यात वाकलेला, उजवा गुडघा कामातून गेलेला. पण रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की खांबाला टेकलेली माणसं सरळ होत. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे जे घडलं ते देवासमोर, सगळ्या वाडीच्या कानांवर पडेल असं मोठ्यानं सांगायचं आणि काय हवं ते मागायचं. प्रत्येक वाक्याला बाकीचे पुरुष ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे काम घाडी घराण्याचं. लवूकडे ते बापाकडून आलं, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मुंबईतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत असताना. तार आली, तो आला, बापाला पोचवलं आणि परत गेला नाही.

बापानं त्याला एकच शिकवलं होतं. गाऱ्हाण्यात काही झाकायचं नाही. अर्धं सांगितलेलं देवापर्यंत जात नाही, वाटेत कुजतं.

चाळीस वर्षं तो दुसऱ्यांचं सांगत आला. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाची होडी आली नव्हती, कुणाला विहिरीत पाणी लागत नव्हतं. स्वतःचं सांगावं असं त्याच्या आयुष्यात फारसं काही घडलं नव्हतं. मूल झालं नाही, तेही त्यानं कधी सांगितलं नाही. बायको काशीबाई म्हणायची, “गावाचा सगळा सांगतंस, घरात विचारला तर तोंडात गुळणी.”

धामापूरच्या पलीकडे, व्हाळाच्या काठाला त्यांची घाडीवाडी. घरं पाच. खाली व्हाळाला लागून लवूचा मळा; त्यात भात निघालं की भुईमूग. गेली काही वर्षं रानडुकरं एका रात्रीत मळा नांगरल्यासारखा करून जात. लोकांनी बुजगावणी केली, डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या. शेवटी लवूनं पंपाच्या मीटरवरून तार ओढली आणि मळ्याभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर फिरवली.

“भुईमूग राखतंस काय डुकरांची जत्रा भरवतंस?” काशीबाईनं विचारलं. “खंयच्या तरी गायीक लागात.”

“गायी बांधलेल्यो असतत.”

“माणसां बांधलेली नसतत.”

माणसांसाठी वाडीत रीत होती. बापाच्या काळात डुकरासाठी फास लावत, तेव्हापासूनची. अंधार पडायच्या आधी बांधावर उभं राहून हाक द्यायची. प्रत्येक घरानं ओ द्यायचा. पाच ओ आल्याशिवाय फास उघडायचा नाही. फास गेले, तार आली, रीत राहिली. लवूची हाक आख्ख्या खोऱ्यात फिरायची, “तार सोडतंय होऽऽ!” आणि वरून एकेका घरातून यायचं, “आयकला होऽऽ!” त्यात कुणीतरी एखादा टोमणा मारायचा, “लवू, आवाजानच मरतली रे डुकरां, तार कित्याक?”

त्या वर्षी फेब्रुवारीत तार लावून तीन दिवस झाले होते. चौथ्या संध्याकाळी त्यानं हाक दिली. चार ओ आले. पाचवं घर अजयचं. अजय मुंबईत गोदीत कामाला. घरी बायको सुगंधा आणि बारावीतली मुलगी दिव्या. दोघी नांदगावला सुगंधाच्या बहिणीकडे लग्नाला गेल्या होत्या, तार लावायच्या आधीपासून. घराला कुलूप. कुलुपाचा ओ कसा यायचा? लवूनं पंपाच्या खोपीत जाऊन कळ दाबली आणि तो चढण चढू लागला.

अर्ध्या वाटेवर त्यानं रिक्षा पाहिली. ती अजयच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात थांबली. सुगंधा उतरली, मागून पिशव्या घेऊन दिव्या. उजेड इतका होता की सुगंधाच्या साडीचा रंग त्याला दिसला. तिच्या खळ्यापर्यंत दोनशे पावलं असतील. गुडघा ठणकत होता. त्याच्या मनात आलं, हिला यंदाची तार माहीत नाही. त्यामागोमाग आलं, शंकर सांगेल, त्याचं घर तिच्या शेजारीच आहे. मग तो घरी गेला, पाय शेकला आणि जेवला.

शंकर त्या संध्याकाळी मालवणात होता.

सुगंधाची पोफळीची बाग मळ्याच्या खाली. पाच दिवस झाडांना पाणी नव्हतं. उजाडायच्या आधी ती खोरं घेऊन पाणी फिरवायला निघाली. सहाला लवू कळ बंद करायला उतरला तेव्हा ती बांधावर पडलेली होती. लोखंडी खोऱ्याचं पातं तारेला चिकटलेलं. त्यानं आधी कळ बंद केली. मग तो ओरडला. त्या सकाळी त्याचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही, असं काशीबाई सांगते. ती सहज विहिरीवर गेली म्हणून तिला तो दिसला, नुसतं तोंड उघडून बसलेला.

पोलिसांनी हयगयीनं मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला. नव्या संहितेतलं कलम एकशे सहा, जास्तीत जास्त पाच वर्षं. जामीन लगेच झाला. वाडीत कुणी त्याला काही बोललं नाही. अजय मुंबईहून आला, त्यानं सगळं केलं, तोही बोलला नाही.

वाडीत असं मरण आलं की चौदाव्या दिवशी गाऱ्हाणं होतं. त्याशिवाय देवळात घंटा वाजत नाही. मानकरी शंकरनं लवूला विचारलं, “दुसऱ्या वाडीतलो घाडी हाडूया?”

लवू म्हणाला, “माझा मीच सांगतलंय.”

देवळात पंधरा-वीस पुरुष होते. अजय मागच्या रांगेत उभा होता, डोकं भादरलेला.

“बा रवळनाथा म्हाराजा! ह्या वाडीतली एक बाय गेली. ती कोणाच्या नजरेन जावक नाय, दुखण्यान जावक नाय. ती माझ्या तारेन गेली.”

“व्हय म्हाराजा!”

“मी हाक मारलंय. पाचव्या घरान ओ देवक नाय. तां घर बंद होता. मी कळ दाबलंय.”

“व्हय म्हाराजा!”

“मगे माझ्या डोळ्यांनी मी रिक्षा बघलंय. ती उतारली. तिका तार म्हायत नाय, ह्या माका म्हायती होता. माका म्हायती होता, तरी मी मागे फिराक नाय.”

मग सवयीनं, विस्कळीतपणे, एकेक करून आलं, “व्हय म्हाराजा.” शेवटचा आवाज मागच्या रांगेतून आला. अजयचा. त्याचा हात तोंडावर गेला, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

देवळातून अजय घरी गेला नाही. थेट मालवणला पोलीस ठाण्यात गेला आणि ऐकलं ते त्यानं शब्दाला शब्द सांगितलं.

चार दिवसांत कलम बदललं. एकशे पाच, सदोष मनुष्यवध. जाणीव होती म्हणून. दहा वर्षांपर्यंत. लवूला घरून नेलं तेव्हा काशीबाई पोलिसांना म्हणाली, “चोर धरूक येवक नाय तुमका. देवाकडे बोल्लो तेका धरलास.” तीन महिने तो आत होता.

जामिनाचं सगळं अक्षयानं पाहिलं. ती त्याच्या भावाची मुलगी, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला, आणि कुडाळच्या दत्तप्रसाद वकिलांकडे शिकाऊ. लवू सुटून आल्यावर ती पुस्तकं घेऊन त्यांच्या पडवीत येऊन बसायची. परीक्षा तिची होती, पण पुस्तकात जे होतं ते सगळं लवूचं होतं.

“अप्पा, गुन्ह्याक दोन गोष्टी लागतत,” ती म्हणायची. “हातान केलेला आणि मनात असलेला. नुसत्या हातान गुन्हो होना नाय. नुसत्या मनानय होना नाय.”

“माज्या मनात तिका मारूचा नव्हता.”

“तो हेतू. तो तुमचो नव्हतोच, तसा कोण म्हणता नाय. त्याच्या खालती जाणीव. आणि त्याच्या खालती हयगय. हयगय म्हंजे तुमका कळाक होया होता, पण कळूक नाय. जाणीव म्हंजे कळला, तरी तुमी ऱ्हवलास.”

लवूनं विचारलं, “मगे ह्या दोघांच्या मदी काय आसा?”

“मदी पाच वर्षां आसत,” अक्षया म्हणाली.

काशीबाई आतून म्हणाली, “मदी माजा मरान आसा. पाचांत मी ऱ्हवान, धांत नाय.”

दत्तप्रसाद वकील सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी फाईल वाचली आणि एक गोष्ट पकडली. “कृत्य आणि मन एकाच वेळी हवं,” ते अक्षयाला म्हणाले. “यांनी कळ दाबली तेव्हा बाई गावात नव्हती. त्या क्षणी मन स्वच्छ. रिक्षा दिसली, मनात आलं, तेव्हा हात काहीच करत नव्हते. दोन्हीची गाठ कुठे पडते?”

“पण सर, धोका आपणच तयार केला असेल तर तो थांबवण्याची जबाबदारीही आपलीच. मागे न फिरणं हेच कृत्य होतं.”

“छान. हे परीक्षेत लिही,” वकील म्हणाले. “कोर्टात बोलू नकोस.”

लवू बाकावर बसून दोघांकडे पाहत होता. त्या संध्याकाळची ती दोनशे पावलं कागदावर आली होती आणि हे दोघे त्यांचे तुकडे करत होते. प्रत्येक तुकडा खरा होता. त्याला वाटलं, आपण देवळात सांगितलं ते एवढं मोठं नव्हतंच. तीन वाक्यं होती.

“मुद्दा एवढाच,” वकिलांनी त्याला समजावलं. “तुम्ही रिक्षा पाहिलीत हे जगात फक्त तुम्हाला माहीत. दुसरा पुरावा नाही. आहे तो गाऱ्हाण्याचा. तो पडला की जाणीव पडली.”

गाऱ्हाणं पाडायचं काम वाडीनं केलं. लवूनं कुणाला सांगितलं नव्हतं. शंकरनं परस्पर साक्षीला बोलावलेल्या बाकी तिघांना बसवलं आणि ठरवलं.

ओरोसच्या सत्र न्यायालयात शंकर पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध आणि तोंडात शाळेतली मराठी.

“आरोपी देवासमोर काय बोलला?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“मला ऐकू आलं नाही, साहेब. माझा उजवा कान कमी आहे.”

“डावा?”

“डाव्या बाजूला ढोल होता.”

“ऐकू आलं नाही, तर तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ कशाला म्हणालात?”

“ती रीत आहे. सगळे म्हणतात. म्हणायचं असतं.”

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, ते थांबलं. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं आणि पुढचा बोलावला. त्यालाही ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्यालाही नाही. चौथा म्हणाला, तो नारळ फोडायला बाहेर गेला होता.

अजय मात्र सगळं बोलला. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही. दत्तप्रसाद वकिलांनी उलटतपासात फक्त एवढंच विचारलं, “मयत तुमची पत्नी होती?” आणि, “चार माणसांना जे ऐकू आलं नाही ते तुम्हाला आलं?” आणि शेवटी, “आरोपी असं बोलला म्हणता, तेव्हा तुम्ही स्वतः काय म्हणालात?”

अजयनं पिंजऱ्याचा कठडा धरला.

“उत्तर द्या.”

“व्हय म्हाराजा म्हणालो.”

“म्हणजे तुम्हीही रीतच पाळलीत.”

बाहेर जांभळीच्या झाडाखाली शंकरनं लवूला गाठलं. “लवू, तुज्यापायी माका भयरो जावचा लागला रे. घराकडे गेल्यार बायल मोठ्यान बोलतली.” मग हसू घालवून म्हणाला, “आमी चौघांनी शपथ घेवन सांगलंव. आता कोर्ट तुका इचारतला. तू थंय देवळासारख्या करू नको. तू खरो झालंस तर आमी चौघय खोटे. आमच्या घराकडे पोलीस येतले.”

लवूनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते शंकरला कळलं नसावं, कारण त्यानं त्याचा दंड धरून ठेवला.

आरोपीच्या जबाबाची तारीख पंधरा दिवसांनी होती. आदल्या दिवशी वकिलांनी सगळे प्रश्न वाचून दाखवले. अजयच्या साक्षीचा प्रश्न सतरावा. उत्तर दोन शब्दांचं.

“आणि शपथ?” लवूनं विचारलं.

“आरोपीला शपथ नसते.”

“साक्षीदाराक होती.”

“त्याला असते. आरोपीला नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, म्हणून कायद्यानं ती काढून घेतली आहे. तुम्ही गप्प राहिलात तरी चालतं. खोटं बोललात तरी त्याची शिक्षा नाही.”

लवूला हे चमत्कारिक वाटलं. बसमधून येताना त्यानं अक्षयाला दोनदा विचारलं, की हे खरंच आहे ना. चाळीस वर्षं तो अशा जागी उभा राहिला होता जिथं खोटं बोललं तर काय होईल याची सगळ्यांना भीती होती. आता त्याला अशा जागी उभं करणार होते जिथं काहीच होणार नव्हतं.

“अप्पा, भिया नको,” अक्षया म्हणाली. “ह्या तुमका वाचवक केलेला आसा.”

न्यायाधीश बाई होत्या. प्रश्न सावकाश वाचायच्या, आरोपीला कळला का ते विचारायच्या. सोळा प्रश्न झाले. तार तुमची? हो. मीटर तुमचं? हो. तुम्ही हाक दिलीत? हो. चार घरांनी उत्तर दिलं? हो.

“साक्षीदार क्रमांक सहा, अजय, यांनी सांगितलं आहे की मयत घरी परत आल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं होतं आणि तिला तारेची माहिती नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, असं तुम्ही देवळात सर्वांसमोर बोललात. याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

लवूनं समोर पाहिलं. डाव्या बाकावर शंकर आणि तिघे. उजवीकडे अजय आणि दिव्या. दिव्याच्या मांडीवर कॉलेजची बॅग होती. मागे काशीबाई, पदराचं टोक तोंडात धरलेली. टंकलेखक बोटं कळांवर ठेवून थांबला होता.

“प्रश्न कळला का?”

“कळला.”

“मग?”

“खोटं आहे,” लवू म्हणाला.

आवाज इतका लहान होता की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं. टंकलेखकानं कळा दाबल्या. अठरावा प्रश्न सुरू झाला.

आवारातल्या नळावर तो पाणी पीत असताना अजय शेजारी येऊन उभा राहिला. अक्षया पुढे सरकली, लवूनं तिला हातानं थांबवलं.

“काका, खोटा बोललास,” अजय म्हणाला.

“व्हय.”

“बरा केलास.” अजयच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “त्या दिसाक देवळात तुमी खरा बोललास, तेव्हा माका तुमचो गळो धरूचो होतो. धरूक येवक नाय. माजा त्वांड आपसूक व्हय म्हणाला. वर्षभर मी त्या तोंडाक शिव्या घालतंय. खऱ्या माणसाक काय करतलंय? आता सोपा झाला.” त्यानं ओंजळ भरून तोंडावर पाणी मारलं. “आता तुमी आमच्यासारखेच.”

तो दिव्याला घेऊन गेटाकडे गेला.

निकाल महिन्याभरानं लागला. जाणीव सिद्ध झाली नाही. सदोष मनुष्यवधातून सुटका. हयगय सिद्ध, शिक्षा दोन वर्षं, आत काढलेले तीन महिने वजा. हाक देण्याची पद्धत म्हणजे आरोपीनं काही खबरदारी घेतल्याचं दिसतं, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. अपिलासाठी तीस दिवस शिक्षेला स्थगिती. दत्तप्रसाद वकिलांनी लवूची पाठ थोपटली. शंकरनं पेढे आणले. लवूनं एक हातात घेतला, घरी येईपर्यंत तो हातातच होता.

अक्षया अपिलाचे कागद घेऊन आली तेव्हा तो पडवीत बसून होता. अपील कोल्हापूरला, हायकोर्टाच्या खंडपीठाकडे जायचं होतं. तिनं सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या केल्या होत्या.

“ह्यात काय लिवलंस?”

“तुमची हयगयसुद्धा नव्हती. तुमी होती तेवढी काळजी घेतलास. बाई आलेली तुमका म्हायती नव्हती.” शेवटचं वाक्य ती लवकर बोलली.

“सगळ्यात खाली माजी सही?”

“व्हय.”

“म्हंजे परत सांगूचा.”

“परत काय अप्पा, तांच आसा. एकदा सांगलास तांच.”

काशीबाई चहाचा पेला घेऊन दारात उभी राहिली. “सही कर आणि मोकळो हो. माका एकटीक घर खावक येता.”

लवूनं पेन हातात घेतलं, टोक पाहिलं आणि कागदावर आडवं ठेवलं.

“मगे थंय खरा सांगूचा होता,” अक्षया म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती रागावली होती. “आता ह्या काय? थंय खोटा आणि हंय खरा?”

“थंय भियालंय,” तो म्हणाला. “धा वर्षांक भियालंय. शंकराक भियालंय. हिका भियालंय.” त्यानं काशीबाईकडे पाहिलं नाही. “त्या दिव्याक भियाक होया होता, ता ऱ्हवला. बॅग घेवन बसलेला.”

अक्षयानं कागद जुळवायला घेतले, पुन्हा पसरले.

“अक्षया.”

“काय?”

“कोर्टात आरोपी खोटा बोल्लो, तर तेका कलम खंयचा?”

“तुमका सांगलंय ना. तेका कलम नाय. शिक्षा नाय.”

“खंयच नाय?”

“खंयच नाय, अप्पा.”

त्यानं व्हाळाच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, “मगे ही दोन वर्षां तेका लाव.”

अक्षया काशीबाईकडे पाहत राहिली, ती काही बोलेल म्हणून. काशीबाईनं चहाचा पेला खाली जमिनीवर ठेवला आणि आत जाऊन ती पेटीतून त्याचे कपडे काढू लागली.